विषारीबाई

वहिनी, समाचाराला येणारी माणसं तुझ्याविषयी भलतंच काही बोलून जातात. काल वकीलकाका आले होते. "परक्या मुलखातून आली, पण सोनं झालं हो पोरीचं," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. शेजारच्या काकूंना तुझं ठसठशीत कुंकू आठवलं, आणखी कुणाला तुझं नऊवारीत पाय अडकून पडणं. तुला पोळी कधी गोल लाटता आली नाही, पत्त्यांत तू उघड उघड लबाडी करायचीस आणि पकडली गेलीस की फ्रेंचमध्ये भांडायचीस, हे कुणाच्या तोंडून आलं नाही. आणि जिच्यासाठी तू सगळं आयुष्य घातलंस त्या बुरशीचं तर नावही निघालं नाही. सवाष्ण गेलेल्या घरात बुरशीबद्दल काय बोलायचं, असं वाटत असेल लोकांना. म्हणून मीच लिहायला बसले.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. दादा साखरेचं शिक्षण घ्यायला बेल्जियमला गेला होता, तो तुला घेऊन नगरला परतला. आईनं तुम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आत गेली आणि दिवसभर बाहेरच आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की 'मार्थ' हे काही नाव नव्हे, ते तिच्या तोंडात बसत नाही, तेव्हा सुनेचं नाव मथुरा. तू दादाकडे बघितलंस, त्यानं काहीतरी समजावलं आणि तू हसून मान डोलावलीस. मी तुला 'अहो वहिनी, तुम्ही' म्हणायचे. काही महिन्यांनी तूच मला थांबवलंस. "कुसूम, आमच्या भाषेत पण तू आहे आणि तुम्ही आहे. मला ठाऊक आहे तुम्ही म्हणजे काय. लांब. तू म्हण." तेव्हापासून तू.

दादाला साखर कारखान्यात नोकरी लागली. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आठवडाभर घरात आपण तिघी: आई, तू, आणि सासर सुटून माहेरी परतलेली, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मी. तुझी ट्रंक उघडली तेव्हा आईला वाटलं होतं, विलायती कापडं निघतील. निघाले टीपकागदांचे गठ्ठे, भिंगं, आणि लोकरीत गुंडाळलेली दुर्बिणीसारखी पितळी वस्तू. सूक्ष्मदर्शक हा शब्द मी तुला शिकवला आणि तो तुला शेवटपर्यंत म्हणता आला नाही.

मागच्या न्हाणीघराजवळ सरपणाची रास होती. भाद्रपदात तिथल्या बाभळीच्या ओंडक्यांवर काहीबाही उगवलेलं तुला दिसलं आणि तू लहान मुलीसारखी किंचाळलीस. आईला वाटलं, विंचू चावला. धावत गेली तर तू ओंडका छातीशी धरून उभी.

"मथू, ती कुत्र्याची छत्री घरात आणायची नाही."

"आई, मी खात नाही. मी बघते."

"बघायची तर तिथंच बघ."

तू तिथंच बघितलीस. सरपणाच्या पत्र्याखाली एक पाट, एक तिपाई, आणि ती पितळी वस्तू. त्या पत्र्याखाली बसून तू या जिल्ह्यातली किती बुरशी ओळखलीस, कितींची वर्णनं लिहिलीस, हे विलायतेत कुणाला तरी ठाऊक असेल. आमच्या गल्लीत, दादाची बायको सरपणात बसते, एवढंच ठाऊक होतं.

मी तुझ्या कामाला लागले ती गंमत म्हणून. छत्र्या दुपारपर्यंत माना टाकतात, रंग उतरतो, म्हणून त्यांची चित्रं लगेच काढावी लागत. शाळा सुटली की मी रंगपेटी घेऊन तुझ्या शेजारी बसायचे आणि तू खेकसायचीस. "हा तपकिरी नाही, कुसूम. हा चहा आहे. दूध जास्त." मी ड्रॉइंगच्या सगळ्या परीक्षा पास झालेली बाई, पण एका देठावरची कंगोरेदार कडी तू मला चार वेळा खोडायला लावायचीस. राग यायचा. आता शाळेत मी मुलींना साधं जास्वंदीचं फूल काढायला सांगते आणि तुझ्यासारखीच त्यांच्या डोक्यावर उभी राहते.

एकदा तू छत्रीचा देठ कापून तिची टोपी कागदावर उपडी ठेवलीस आणि वर काचेचा वाडगा झाकलास. सकाळी वाडगा उचलला तर कागदावर बारीक रेघांचं चक्र उमटलेलं, केसाएवढी एकेक रेघ. आई तुळशीपुढं रांगोळी घालून परत येत होती. ती थांबली.

"ही कुणी काढली?"

"तिनंच काढली, आई. हे तिचं बी आहे."

आईनं डोळ्यांजवळ कागद नेला. "एवढं बारीक बी? मग मेलीला उगवायला जागा तरी किती लागते?" आणि आत जाऊन तिनं फडताळाचा खालचा कप्पा रिकामा केला. तुझे कागद पावसात भिजतात, असं मला म्हणाली. तुला म्हणाली नाही.

तुझा देश पडल्याची बातमी घेऊन दादा भर आठवड्यात घरी आला होता. वर्तमानपत्र वाचून तू घडी घातलीस आणि सरपणात जाऊन बसलीस. दादाला काय करावं सुचेना. आई तांदळाचं सूप घेऊन तुझ्याजवळ गेली, ओंडक्यावर बसली आणि तांदूळ निवडू लागली. आईला फ्रेंच येत नव्हतं आणि रडताना तुला मराठी आठवत नव्हतं. दिवेलागणीपर्यंत तुम्ही दोघी तशाच बसलात. निवडलेले तांदूळ ती पुन्हा पुन्हा निवडत होती. त्यानंतर तुझ्या आईची पत्रं येणं बंद झालं.

मग पारनेर. त्याच्याजवळचं खेडं हे आईचं माहेर. तिथं मामाची कोरडवाहू जमीन. तुला तिकडं जायचंय म्हटल्यावर मी हसले होते. "अगं, तिथं माणसाला प्यायला पाणी नाही, बुरशी कुठून येणार? त्यापेक्षा राजूरच्या डोंगरात जाऊ." राजूरलाही आपण गेलो, हिरड्याच्या झाडांखाली चिखलात लोळलो, तुझ्या पिशव्या भरल्या. पण तुला मोठं घबाड सापडलं ते मामाच्या मुरमाड माळावरच, वारुळाच्या पोटाशी. न उघडलेल्या छत्रीसारखी, काठीवर टोपडं घातल्यासारखी ती बुरशी उभी होती. उन्हानं वाळून खडखडीत झाली होती, तरी ताठ. तू टोपडं फोडलंस तर आतून काळी पूड उडाली आणि तुझ्या नाकावर बसली. मामा म्हणाला, "ही तर दरसाल येते. गुरंसुद्धा तोंड लावीत नाहीत." तू त्याला विचारत राहिलीस: कधी येते, किती दिवस राहते, वारूळ जुनं की नवं. तो दमला, पण तू काही दमली नाहीस.

ही जातच वेगळी असावी, असं तुला वाटत होतं. मी म्हटलं, मग लिहून टाक. तू मान हलवलीस. "नवीन आहे म्हणायला जुन्या सगळ्या बघाव्या लागतात, कुसूम. त्या तिकडे आहेत." तिकडे लढाई होती. तू ती काठी एका डबीत घातलीस आणि वर्षं जाऊ दिलीस. माझ्याच्यानं झालं नसतं.

नाव मात्र तू आधीच ठरवलं होतंस. जेवताना सांगितलंस, "हिला मी आईंचं नाव देणार."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. "काय? कुत्र्याच्या छत्रीला माझं नाव?"

"तुमच्या माहेरची आहे."

"माझ्या माहेरचं दुसरं काही मिळालं नाही तुला?"

एकादशी सरेपर्यंत आई तुझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी पदरानं हात पुसत सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते नाव छापतात ते कुठं? किती लोक वाचतात?"

"फार थोडे."

"मग असू दे," आई म्हणाली.

आता ते सांगते, जे आपण घरात नंतर कधी फारसं बोललो नाही. टंचाईचं वर्ष होतं. रेशनवर किडकी ज्वारी मिळायची, खेड्यात तीही नाही. माणसं रानातलं जे सापडेल ते शिजवत होती. पावसाळ्यात आपण मामाकडे गेलो होतो. गायरानात पांढऱ्याशुभ्र, ताटाएवढ्या छत्र्या उगवल्या होत्या. तुला त्यांचा संशय होता, म्हणूनच तपासायला त्यातल्या काही तू टोपलीत घेतल्यास. बांधावरून मामाच्या वाटेकऱ्याची, दगडूची, बायको हौसा बघत होती. तू तिला हात केलास, तिनंही केला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू काठी घेऊन मामाच्या ओट्यापाशी आला. मागं चार माणसं. "कुठं हाय ती गोरी? समद्या घराला वांत्या लागल्यात. म्हातारी तर हलंना." मामा तुला आत ढकलत होता. तू त्याचा हात बाजूला केलास आणि बाहेर गेलीस.

"मी आहे."

"तुमीच दावल्या त्या छत्र्या."

"मी दाखवल्या नाहीत. पण मी घेतल्या. तिनं बघितलं. चल, घरी चल."

तू त्याच्यापुढंच चालायला लागलीस, पायात चपलासुद्धा नव्हत्या. मी मामीला मीठ घातलेली पेज करायला सांगून मागून आले. हौसा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. तुला बघून म्हणाली, "बाई, तुमी टोपलीत घेतल्या. मला वाटलं खायाच्याच असतील. घरात काय न्हवतं वं." तू तिच्याजवळ जमिनीवर बसलीस आणि मुलीला चमच्याचमच्यानं पेज पाजू लागलीस. डॉक्टरला आणायला पारनेरला गाडी गेली. मुलगी सावरली, हौसा सावरली. दगडूची आई मात्र पेज पोटात ठेवीना. डॉक्टर आला तोवर ती गेली होती.

तुझ्या वाडग्याखालच्या कागदावर हिरवी पूड पडली होती, म्हणजे विषारीच. ती बघून तू म्हणालीस, "मला कालच ओरडता आलं असतं." मी म्हटलं, तुला काय ठाऊक ती खाईल म्हणून. दहाव्याला तू गेलीस. बायकांनी तुला बसायला पोतं टाकलं नाही, तू धुळीत बसलीस. बऱ्याच वेळानं हौसानं तुझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिला तू पुढं काय दिलंस, काय बोललीस, हे तुम्हा दोघींचं. मी विचारलं नाही.

तेव्हापासून तू कुठलीही छत्री उचललीस की चारी दिशांना तोंड करून ओरडायचीस, "विशारी! खायचं नाही!" आजूबाजूला माणूस असो वा नसो. ती खाण्यासारखी असली तरी तेच. गुराखी पोरं तुझी नक्कल करायची. विषारीबाई आली, विषारीबाई आली. मला लाज वाटायची. तुला वाटत नव्हती. उलट एका पोराला तू थांबवून म्हणालीस, "बरोबर. असंच मोठ्यानं म्हण. घरी पण म्हण."

यावरूनच आपलं भांडण झालं आणि ते मिटलंच नाही. माझं म्हणणं होतं, की माझी चित्रं घेऊन एक तक्ता करावा. या छत्र्या खाव्यात, या खाऊ नयेत. शाळाशाळांत, चावड्यांवर लावावा. टंचाईत चार घरांना आधार होईल. तू म्हणायचीस, "कुठली मारते ते मी सांगीन. कुठली मारत नाही ते सांगणार नाही. चित्र बघून कुठली तरी आई भाजी करील. चित्र आणि छत्री एक नसते." मी तुला भित्री म्हटलं. तू मला म्हणालीस, तुला तुझ्या रंगांचा गर्व आहे. दोघी दोन दिशांना तोंड करून झोपलो. वहिनी, मला अजून वाटतं, तू थोडी तरी चुकत होतीस. भुकेल्या माणसाला नुसतं 'खाऊ नको' सांगून कसं चालेल? आणि दगडूच्या आईचा चेहरा आठवला की वाटतं, नाही, तुझंच खरं. तू असतीस तर यावर आणखी दहा वर्षं भांडलो असतो. ती दहा वर्षं मला हवी होती.

लढाई संपली. आगबोटी सुरू झाल्या आणि तू तुझ्या आईला भेटायला गेलीस. डबीतली ती काठी बरोबर नेलीस. आम्ही तुला स्टेशनवर पोचवलं. घरी आल्यावर आईनं तुझा पाट भिंतीला उभा करून ठेवला आणि म्हणाली, "आता कशाला येते ती. आईपाशी गेली. माझी मुलगी असती तर मी सोडली असती का?" दादालाही तेच वाटत होतं, हे मला त्याच्या गप्प राहण्यावरून कळत होतं. तुझी पत्रं यायची. जुन्या सगळ्या बघून झाल्या होत्या. ती खरंच नवी निघाली होती. तिचं वर्णन छापून आलं होतं आणि त्यात आईचं नाव लॅटिनचा झगा घालून बसलं होतं. परत यायचं मात्र पत्रात काही नसायचं.

आणि एका दुपारी टांगा दारात थांबला. तू उतरलीस, वाळलेली, करड्या झग्यात, आणि बरोबर पुन्हा तीच ट्रंक, तेच टीपकागद. आई ओट्यावर होती. "आलीस?" म्हणाली. "आले," म्हणालीस. ती उठून आत गेली आणि तिनं पाट मांडला. तुझ्या आईनं तुला राहायचा आग्रह केला होता, तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या बागेत तुझी लग्नाआधीची नोकरी तुझी वाट बघत होती, हे सगळं तू हळूहळू, तुकड्यातुकड्यानं सांगितलंस. तू परत का आलीस, हे मात्र नाही. दादासाठी असेल. वारुळासाठी असेल. मी कितीदा विचारायचं ठरवलं आणि दुसरंच काही विचारलं. तिथे थंडी फार का, वगैरे.

यंदा श्रावणात तुला ताप भरला. आधी आपण हिवताप समजलो, मग डॉक्टर विषमज्वर म्हणाले. दादा रजा घेऊन आला. तुझ्या उशापाशी आम्ही आलटूनपालटून बसायचो, पण शेवटचं जे सांगायचं ते तू आईला सांगितलंस. तू गेल्यावर भटजी आले, आणि इथल्या पाद्रीबाबांचाही निरोप आला, की आमच्या दफनभूमीत जागा देतो. मोठ्या काकांचं म्हणणं पडलं, की सवाष्णीला अग्नीच द्यायला हवा, लोक काय म्हणतील. दादा नुसता बसून होता. तेव्हा आई माजघरातून बाहेर आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"तिनं मला सांगितलंय. जाळू नका म्हणाली. मातीत ठेवा म्हणाली, पेटीबिटी नको. म्हणाली, आई, माझी सगळी मंडळी तिथंच आहेत."

"अहो, तापात काही बोलली असेल," काका म्हणाले.

"तापात ती फ्रेंच बोलायची," आई म्हणाली. "हे मराठीत बोलली."

मामाच्या माळावर तुला नेलं. भटजींनी लांब उभं राहून काही म्हटलं, पाद्रीबाबा आपणहून आले, त्यांनी जवळ उभं राहून काही म्हटलं. खड्डा दगडूनं खणला, एकट्यानं. मुरूम कठीण, घामानं निथळत होता, पण कुणाच्या हाती पहार देईना. हौसा गावातल्या बायका घेऊन आली होती. तुला लुगडं तिनं आणि मी नेसवलं. निऱ्या घालताना ती म्हणाली, "विषारीबाईला कवाच नीट नेसता आलं न्हाई. लई तारांबळ व्हायची." आणि रडायला लागली, तेव्हा मलाही पहिल्यांदा रडू आलं.

आता राहिलं ते तुझ्या आईला कळवायचं. तार दादानं केली होती, पण तारेत काय मावतं. परवा संध्याकाळी आई दादाला म्हणाली, "कागद घे. मी सांगते, तू त्यांच्या भाषेत लिही." दादा लिहायला बसला. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगत होती. मी दिवा धरला होता.

"लिही, तुमची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा मी तिच्याशी धड बोलले नाही. लिही, ती परत आली तेव्हा मला फार आनंद झाला, पण तो मी तिला सांगितला नाही, आमच्यात सांगत नाहीत. लिही, की शेवटी तिला त्रास झाला नाही." दादानं वर बघितलं. तुला किती त्रास झाला, ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. "लिही," आई म्हणाली. "मी आई आहे, तीही आई आहे. लिही. आणि खाली लिही, की तुमची मुलगी आणि माझी सून..."

दादाची लेखणी थांबली.

"काय झालं? सुनेला शब्द नाही त्यांच्यात?"

"आहे. पण तो शब्द सुटा सुटा वाचला तर अर्थ होतो सुंदर मुलगी. त्यांच्यात सुनेला तसंच म्हणतात."

आईनं डोळे उघडले. मग, तू गेल्यापासून पहिल्यांदाच, तिच्या तोंडाच्या कडेला हसू आलं.

"सुंदर कसली," ती म्हणाली. "नाक केवढं होतं पोरीचं." आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "पण तेच लिही. सुंदर मुलगीच लिही."